छत्रीची वायर थेट टीव्हीत का जाऊ नये?

टीव्हीच्या पोटातच सॅटेलाइट ट्यूनर, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल पकडून पडद्यावर आणणारा भाग, असावा की नसावा, हा वाद आपल्याकडे अधूनमधून उसळतो आणि दर वेळी भलत्याच अंगाने जातो. एक गट म्हणतो, घरोघरी वायफाय आलं, पोरं मोबाइलवर मॅच बघतात, आता ट्यूनर कोणाला हवाय? दुसरा गट म्हणतो, ट्यूनर आला की केबलचं बिल बंद, रिचार्ज बंद, सगळं फुकट. पहिला गट नागपुरातल्या बर्डीवरच्या शोरूमच्या काचेतून देश बघतो. दुसरा जे होणारच नाही त्याचं आश्वासन देत सुटतो. माझं म्हणणं असं आहे, की भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टीव्हीत, आणि आधी २४ व ३२ इंची टीव्हीत, एचडी प्रक्षेपण उलगडू शकणारा ट्यूनर कंपनीतूनच बसून यावा आणि तशी कायद्याने सक्ती असावी. सक्ती हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. तो ऐकून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात त्यांचे काही आक्षेप खरोखर वजनदार आहेत. ते पुढे घेतोच.

आधी मुळात काय घडलं ते. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने अंगभूत सॅटेलाइट ट्यूनर असलेल्या टीव्हीसाठी मानक जाहीर केलं: आयएस १८११२:२०२२. या मानकाप्रमाणे बनलेल्या टीव्हीला गच्चीवरच्या छत्रीची, म्हणजे डिश अँटेनाची, वायर थेट जोडली, की मोफत वाहिन्या आणि रेडिओ दिसू-ऐकू लागतात. मध्ये डबा (सेट-टॉप बॉक्स) नाही, दुसरा रिमोट नाही. पण मानक ऐच्छिक आहे. कंपनीला वाटलं तर पाळायचं, नाही वाटलं तर नाही. आणि ज्या टीव्हीसोबत डबाही खपतो, तिथे कंपनीला आणि दुकानदाराला ते कशाला वाटेल?

हा प्रश्न मूठभर लोकांचा नाही. दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ३३ वाहिन्यांनिशी सुरू झाली. आज तिचं नाव डीडी फ्री डिश आहे आणि ती ४ कोटींहून अधिक घरांत पोचल्याचे अंदाज आहेत. उमरेड, काटोल, नरखेडच्या रस्त्याने जाताना कौलांवर, स्लॅबवर, गोठ्याच्या बल्लीवर ज्या छत्र्या एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या दिसतात, त्यांतल्या कितीतरी याच सेवेच्या. ती ज्यावरून येते तो जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपुरातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साठेक अंश वर येतो. छत्री तिकडे वळवली की काम झालं. आकाशातून सिग्नल येतो तो सगळ्यांसाठी सारखा आणि फुकट. अडतो तो शेवटच्या चार फुटांत, वायर आणि पडदा यांच्यामध्ये.

हे चार फूट किती महाग पडतात ते नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या शेजारच्या काकूंच्या घरी दिसतं. काकू एकट्या राहतात. भिंतीवर ३२ इंची टीव्ही, खाली फळीवर फ्री डिशचा डबा, डब्याचा वेगळा अडॅप्टर आणि दोन रिमोट. दुपारी कूलर लावताना प्लग हलला की डबा बंद पडतो आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ येतं. कधी हातून टीव्हीच्या रिमोटचं इनपुटचं बटण दाबलं जातं आणि टीव्ही एचडीएमआय १ सोडून एव्हीवर जातो. मग त्या गॅलरीतून हाक मारतात, “बाप्पा, टीव्ही बिघडला वाटते, पाहून दे बरं जरा.” टीव्ही कधीच बिघडलेला नसतो. तो कुठल्या भोकातून चित्र घ्यायचं हे विसरलेला असतो, एवढंच. त्याच रिमोटवर दोन ओटीटी कंपन्यांची ठळक रंगीत बटणं आहेत, जी काकूंनी आजवर दाबलेली नाहीत आणि ज्यांचे पैसे भरण्याचा त्यांचा विचारही नाही. ज्या वाहिन्या बघण्यासाठी त्यांनी टीव्ही घेतला त्यांच्यासाठी मात्र त्या टीव्हीत जागा नाही. खाजगी कंपनीचं बटण रिमोटवर छापून येतं आणि सार्वजनिक प्रक्षेपणासाठी ग्राहकाने बाजारातून वेगळा डबा आणायचा, ही व्यवस्था कोणी ठरवली? ग्राहकाने तर नक्कीच नाही.

इथे १९९५ सालची एक गोष्ट आठवायला हवी. हिरो कपच्या प्रक्षेपणावरून माहिती व प्रसारण खातं आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात झालेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी निकालात स्पष्ट म्हटलं, की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठीच व्हायला हवा. पुढे २००७ मध्ये कायदा झाला: राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचं थेट प्रक्षेपण खाजगी वाहिनीने दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीलाही द्यायचं, म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाही भारताची मॅच बघता येईल. मग ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याची हद्द आखली. असं मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपकांवरून आणि स्वतःच्या डीटीएचवरून दाखवायचं, केबलवाल्यांना आणि खाजगी डीटीएचला ते वापरता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल रास्त असेल, त्यात मी पडत नाही. पण परिणाम बघा. जमिनीवरचे जुने अॅनालॉग प्रक्षेपक प्रसार भारतीने २०२२ पर्यंत बहुतेक सगळीकडे बंद केले. म्हणजे नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर भारत खेळतो आहे, संसदेने सांगितलंय की ती मॅच गरिबालाही दिसली पाहिजे, आणि नागपूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात ती फुकट पोचण्याची वाट उरली आहे ती फक्त फ्री डिशची. आणि त्या वाटेवर नव्याकोऱ्या टीव्हीचं दार बंद.

बंद म्हणतो, कारण ते आधी उघडं होतं. १९८२ नंतर देशभर जे टीव्ही पसरले, ईसी, डायनोरा, वेस्टन, क्राउन, त्या प्रत्येकात ट्यूनर होता. नागपूरकरांनी गच्चीवर अँटेना उभारला, तोंड सेमिनरी हिल्सकडे केलं, चपटी वायर खिडकीतून आत घेतली आणि थेट टीव्हीला जोडली. ‘ट्यूनर हवा का’ असं तेव्हा कोणी विचारलं नाही, कारण ट्यूनर नसलेल्या खोक्याला कोणी टीव्ही म्हटलंच नसतं. रेडिओचंही तेच. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ मध्ये सुरू झाली ती नागपूरच्याच १००० किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून, १५६६ किलोहर्ट्झवर. रात्री देशाच्या कानाकोपऱ्यांत ती ऐकू जायची ती साध्या मध्यम लहरींच्या रेडिओवर. ती ऐकायला वेगळं यंत्र लागलं असतं तर एवढ्या ताकदीच्या प्रक्षेपकाचा उपयोग काय झाला असता? म्हणून ट्यूनरची मागणी ही सरकारकडून काहीतरी नवं उकळण्याची मागणी नाही. प्रक्षेपण अॅनालॉगवरून डिजिटलवर गेलं तेव्हा ग्राहकाचा एक हक्क वाटेत गळून पडला, तो परत मागणं आहे.

आता आक्षेप. पहिला बाजाराचा: लोकांना हवं असेल तर कंपन्या आपणहून देतील, सरकारने कशाला मध्ये पडायचं? या आक्षेपाचं उत्तर अमेरिकेने, बाजारावर एवढी श्रद्धा असलेल्या देशाने, एकदा नाही दोनदा दिलं आहे. १९५२ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने यूएचएफ या वरच्या वारंवारतेच्या पट्ट्यातल्या ७० नव्या चॅनेलना वाट करून दिली. पण बाजारातले बहुतेक टीव्ही फक्त खालचा, जुना व्हीएचएफ पट्टा पकडणारे. यूएचएफवर केंद्र सुरू करावं तर प्रेक्षक नाही, आणि प्रेक्षकाने यूएचएफचा टीव्ही घ्यावा तर बघायला केंद्र नाही. दहा वर्षं बाजाराने ही गाठ सोडवली नाही आणि बरीच केंद्रं बुडाली. शेवटी १९६२ मध्ये कायदा करावा लागला आणि १९६४ पासून प्रत्येक टीव्हीत यूएचएफ ट्यूनर सक्तीचा झाला. पुढे अमेरिकेत सार्वजनिक शैक्षणिक प्रक्षेपण उभं राहिलं त्यातलं पुष्कळसं याच पट्ट्यावर.

दुसऱ्यांदा तोच खेळ डिजिटलचा. २००२ मध्ये आयोगाने डिजिटल ट्यूनरची सक्ती केली, मोठ्या पडद्यांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने. निर्मात्यांची संघटना न्यायालयात गेली: किंमत वाढेल, बहुतेक लोक केबलवर बघतात, त्यांच्या माथी नको असलेला भाग का मारता? २००३ मध्ये न्यायालयाने सक्ती वैध ठरवली. मार्च २००७ पासून प्रत्येक नव्या टीव्हीत डिजिटल ट्यूनर आला आणि १२ जून २००९ रोजी पूर्ण ताकदीची अॅनालॉग केंद्रं बंद झाली. ज्यांच्या घरी जुने टीव्ही राहिले होते त्यांना डबे घेण्यासाठी सरकारने ४० डॉलरची कुपनं वाटली, एका घराला दोनपर्यंत. यातून मला दिसतं ते हे, की ट्यूनर टीव्हीत न बसवण्याचा खर्च नाहीसा होत नाही. तो फक्त कंपनीच्या खात्यातून निघून ग्राहकाच्या किंवा सरकारच्या खात्यात जातो. आपल्याकडे तर कुपनंही नव्हती. नागपूर केबल डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात होतं, मुदत ३१ मार्च २०१३. त्या मार्चमध्ये डब्यांसाठी जी धावपळ झाली तिचे पैसे प्रत्येक घराने आपल्या खिशातून भरले, आणि त्या वेळी बसवलेल्या बऱ्याच डब्यांना एचडी जमतही नव्हतं.

किमतीचा आक्षेप मात्र मी झटकून टाकत नाही. ट्यूनरची चिप, डिकोडिंग, छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल टिपणाऱ्या भागाला) वीज पुरवणारा भाग, पेटंटची रॉयल्टी, हे सगळं धरलं तर खर्च आहे, आणि स्वस्तातल्या ३२ इंची टीव्हीत तो ठळक दिसेल. पेटंटचा धोकाही खरा आहे. अमेरिकेत नव्या पिढीच्या एटीएससी ३.० ट्यूनरवरून पेटंटचा वाद झाला तेव्हा एलजीने २०२३ मध्ये जाहीर केलं, की २०२४ च्या तिथल्या मॉडेलांत तो ट्यूनर देणार नाही. पण तुलना कशाशी करायची? आज फ्री डिश घेणारं कुटुंब छत्री, डबा, बसवणी मिळून एकदाच साधारण दोन हजार रुपये घालतं. त्यातला डब्याचा वाटा, म्हणजे त्याची वेगळी पेटी, वेगळा अडॅप्टर, वेगळा रिमोट, वेगळी वाहतूक आणि दुकानदाराचा नफा, हे सगळं त्यालाच पडतं. टीव्हीत पडदा, वीजपुरवठा, रिमोट, प्रोसेसर आधीच असतात, तिथे भर पडते ती ट्यूनरपुरती. आणि सरकारला खरंच भार हलका करायचा असेल तर हत्यार हातात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. मोठा टीव्ही घेणाऱ्याला कराच्या दरात दहा अंकांची सूट मिळाली. ३२ इंची आणि त्याहून लहान टीव्ही आधीपासून १८ टक्क्यांत होते, तिथेच राहिले. ट्यूनर असलेल्या लहान टीव्हीवरचा कर थोडा उतरवला तर किमतीची तक्रार तिथेच संपते.

सगळ्यात वजनदार आक्षेप तंत्रज्ञांचा आहे. टीव्ही आठ-दहा वर्षं चालतो, प्रक्षेपणाचं तंत्र त्याआधी बदलतं. चित्र दाबून लहान करून पाठवण्याच्या पद्धतीच बघा: एमपेग-२ नंतर एमपेग-४ आलं, आता एचईव्हीसी. डबा जुना झाला तर बदलता येतो, टीव्हीच्या आतला ट्यूनर कसा बदलणार? बरोबर आहे. म्हणूनच मी एचडीचा आग्रह धरतो. आज फक्त साध्या दर्जाचं चित्र उलगडणारा ट्यूनर सक्तीचा केला तर तो उद्याचा कचरा होईल. सक्ती करायची तर डीव्हीबी-एस२ हे उपग्रह प्रक्षेपणाचं मानक आणि एचईव्हीसी यांच्यासकट करायची. आणि समजा तरीही पंधरा वर्षांनी ट्यूनर कालबाह्य झाला, तर काय बिघडेल? मागची एचडीएमआयची जागा शाबूत असेल, तिथे डबा लावता येईल. म्हणजे वाईटात वाईट झालं तर ग्राहक आज आहे तिथे येईल. शिवाय कोट्यवधी घरांत एक ठरावीक ट्यूनर बसला की प्रसारकालाही मनाला येईल तेव्हा तंत्र बदलता येत नाही. फ्री डिशसाठी आयकॅस नावाची देशी कुलूपव्यवस्था प्रसार भारतीने आणली आहे. उद्या मोफत वाहिन्यांना ते कुलूप घातलं गेलं तर साधे ट्यूनर आंधळे होतील. म्हणून सक्ती दोन्ही बाजूंना हवी: कंपनीने ट्यूनर द्यायचा आणि प्रसार भारतीने मोफत वाहिन्या खुल्या ठेवायच्या.

‘सगळं इंटरनेटवर आहे’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की इंटरनेटवर प्रत्येक प्रेक्षकाला वेगळा प्रवाह पाठवावा लागतो आणि त्याचा डेटा तो प्रेक्षक भरतो. उपग्रहाचा झोत एकाने बघितला काय आणि चार कोटींनी काय, तेवढाच राहतो. कोणाचा वेग मंदावत नाही, कोणाचा पॅक संपत नाही. मोठ्या पावसात केयू बँडचा, म्हणजे डीटीएच ज्या लहरींवर येतं त्या पट्ट्याचा, सिग्नल काही वेळ जातो हे खरं, पण पाऊस ओसरला की तो आपोआप परत येतो, रिचार्ज करावं लागत नाही. आणखी एक गोष्ट या वादात कोणी काढत नाही. ट्यूनर फक्त घेतो, परत काही पाठवत नाही. घरात कोण काय बघतं हे त्याला कोणाला कळवता येत नाही. स्मार्ट टीव्हीचं तसं नाही. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने न विचारता ग्राहकांच्या पाहण्याची माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. ज्याला आपल्या घरातलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, त्याच्यासाठी आज कोणता टीव्ही आहे?

याच्या उलट टोकाला एक राजकीय शंका आहे आणि ती मला खरोखर महत्त्वाची वाटते: ट्यूनरची सक्ती म्हणजे सरकारचा आवाज घरोघरी घुसवणं तर नाही? प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अंमल १९९७ पासून, आणि स्वायत्तता अजून कागदावरच्या मानाने अपुरी. शंका घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण ट्यूनर वाहिनी निवडत नाही. फ्री डिशवर खाजगी वाहिन्याही लिलावात जागा घेऊन येतात, आणि मोफत उतरणारी कोणतीही वाहिनी त्याच ट्यूनरवर दिसते. दूरदर्शन सरकारधार्जिणं असेल तर ते सुधारण्यासाठी भांडू. त्याचं दार बंद ठेवून ते सुधारणार नाही, फक्त गरिबाला एक वाहिनी कमी मिळेल.

पैसे देऊन बघायच्या वाहिन्यांसाठी डबा राहणारच, हेही मान्य. ट्यूनर आला म्हणून डीटीएच कंपन्यांचं कुलूप उघडत नाही, आणि जे नेते ‘सगळं फुकट’ म्हणतात ते लोकांची दिशाभूल करतात. पण इथेही वाट दिसते. युरोपीय संघाने २००२ मध्येच नियम केला, की ३० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या डिजिटल टीव्हीला कार्ड-मॉड्यूल घालायची किमान एक खुली खाच हवी. आपल्या ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, एप्रिल २०२० मध्ये डब्यांच्या अदलाबदलीसाठी आणि टीव्हीतल्या खुल्या पोर्टसाठी शिफारशी केल्या. त्या लागू झाल्या असत्या तर कंपनी बदलली म्हणून जुना डबा माळ्यावर टाकायची वेळ आली नसती. मोबाइलचा नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय २०११ मध्ये देशभर झाली तेव्हाही कंपन्या म्हणत होत्या, की हे अवघड आहे. राहिले केबलवाले. मोहल्ल्यातल्या केबलवाल्याची चिंता मला कळते, पण त्याचा धंदा आज ब्रॉडबँड आणि पैशाच्या वाहिन्यांवर चालतो. फ्री डिशचं गिऱ्हाईक त्याच्याकडे आधीच नव्हतं.

अमेरिकेने मोठ्या पडद्यांपासून सुरुवात केली, कारण तिथे महागडा टीव्ही घेणारा वाढीव किंमत सोसू शकत होता. आपण नेमकं उलट करावं. पहिल्या वर्षी ३२ इंचांपर्यंतचे टीव्ही, मग ४३, मग बाकीचे. ५५ इंची टीव्ही घेणाऱ्या धरमपेठेतल्या घराला डबा परवडतो, ओटीटीही परवडतं. नरखेडचा संत्रा बागाईतदार, हिंगण्याच्या एमआयडीसीतला कामगार, महालातल्या काकू, यांचा टीव्ही ३२ इंची असतो. नियम त्याच्यापासून सुरू झाला तरच तो ज्यांच्यासाठी करायचा त्यांच्यापर्यंत पोचेल. आणि तोवर, आजपासून, एक बिनखर्चाची गोष्ट करता येईल: टीव्हीच्या खोक्यावर मोठ्या मराठी अक्षरांत छापा, ‘या टीव्हीत सॅटेलाइट ट्यूनर आहे’ किंवा ‘नाही’. बर्डीवर, इतवारीत दुकानदाराला विचारलं तर एकच उत्तर मिळतं, “भाऊ, स्मार्ट आहे ना, पण छत्रीसाठी डब्बा वेगळा लागन.” तो खोटं बोलत नाही. पण तो जे सांगतो ते खोक्यावर छापलेलं असलं पाहिजे, म्हणजे गिऱ्हाईक पैसे मोजण्याआधी दुसरा टीव्ही मागू शकेल.